अमेरिकन पोस्टाशी खास दराचा करार, पण "आयोगाची मंजुरी बाकी": तोवर गोडाऊनवाल्याच्या करारावर सही करावी का?

निपाणी_पायताण

नमस्कार मंडळी. या विषयातली जाणकार माणसं इथं आहेत म्हणून सविस्तर विचारतो.

धंदा कोल्हापुरी चपलांच्या निर्यातीचा. माल अथणी, मदभावी आणि निपाणी भागातल्या कारागिरांकडून येतो. २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची ड्यूटीमाफी काढून टाकली, तेव्हापासून एकेक जोड इथून थेट गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर पाठवणं परवडत नाही. आता माल न्हावा शेवाहून घाऊक जातो, न्यू जर्सीत ड्यूटी एकदाच भरून गोडाऊनला उतरतो आणि तिथून गिऱ्हाइकाला अमेरिकेच्या पोस्टानं, ग्राउंड ॲडव्हांटेज सेवेनं, पोचतो.

गोडाऊनवाले म्हणूलालेत की पोस्टाबरोबर त्यांचा खास दराचा करार झालाय, सह्याही झाल्यात, फक्त 'रेग्युलेटरी अप्रूव्हल' बाकी आहे. त्या नव्या दरावर आम्ही त्यांच्याशी दोन वर्षांचा करार करावा आणि महिन्याला ४,००० पार्सलांची हमी द्यावी असा त्यांचा आग्रह आहे. दरपत्रक दाखवतात, पण पोस्टाच्या कराराची प्रत मागितली की गोपनीय म्हणतात.

मला कळून घ्यायचंय ते असं. ही मंजुरी कोण देतं आणि किती दिवस लागतात? नाकारली जाऊ शकते का? करार खरा आहे हे इथं बसून कसं तपासायचं? खोका आणि वजन यांत काय जपायचं? आणि इथल्या ऑर्डरी, म्हणजे पुणे-मुंबई-बेंगळूरच्या, त्यांच्यासाठी आपल्या पोस्टात असा करार होतो का? तेवढं सांगा की.

टिळकवाडी_रेटऑडिट

पायताणवाले, आधी मंजुरीचं बघू, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे.

मंजुरी देणारी संस्था म्हणजे वॉशिंग्टनमधला पोस्टल रेग्युलेटरी कमिशन, आपण आयोग म्हणू. पाच आयुक्त, नेमणूक राष्ट्राध्यक्षांची, संमती सिनेटची, मुदत सहा वर्षांची. पोस्ट वेगळं, आयोग वेगळा. यूपीएस किंवा फेडेक्स एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाला खास दर देतात तेव्हा त्यांना कुणाची परवानगी लागत नाही. पोस्टाला लागते, कारण पत्रांच्या वाटपाची मक्तेदारी कायद्यानं त्याच्याकडे आहे. पत्रं टाकणाऱ्या सामान्य माणसाच्या तिकिटाच्या पैशातून पार्सलवाल्या कंपन्यांना स्वस्त दर दिला जाऊ नये, ही यामागची चिंता. म्हणून २००६ च्या कायद्यानं पोस्टाच्या सेवांचे दोन गट केले: एक मक्तेदारीचा, म्हणजे पत्रं वगैरे, आणि दुसरा स्पर्धेचा, म्हणजे पार्सल. तुमचं ग्राउंड ॲडव्हांटेज दुसऱ्या गटात.

स्पर्धेच्या गटातल्या खास कराराला आयोग तीन कसोट्या लावतो. मक्तेदारीच्या गटाचा पैसा या गटाकडे वळता कामा नये. त्या करारातून येणाऱ्या उत्पन्नानं त्याच करारामुळे होणारा खर्च भरून निघाला पाहिजे. आणि स्पर्धेच्या गटातल्या सगळ्या सेवांनी मिळून पोस्टाच्या सामाईक खर्चातला आपला योग्य वाटा उचलला पाहिजे. हा वाटा सुरुवातीला ५.५ टक्के होता. २०१९ मध्ये आयोगानं दरवर्षी बदलणारं सूत्र आणलं आणि त्या वर्षासाठी तो ८.८ टक्के धरला. तिसरी कसोटी सगळ्या गटाची असल्यामुळे एकट्या कराराची खरी परीक्षा दुसऱ्या कसोटीवर होते.

यात तुमच्या फायद्यातोट्याची कसोटी कुठंच नाही, हे ध्यानात ठेवा. दर गोडाऊनवाल्याला परवडतो का, तो तुमच्यापर्यंत पोचतो का, मधे किती टक्के कापले जातात, यातलं काहीही आयोग बघत नाही. पोस्ट तोट्यात जाणार नाही एवढंच बघतो. त्यामुळे "सरकारी आयोगानं पास केलेला दर" असं कुणी सांगितलं तर त्यात तुमच्या बाजूची हमी काहीच नाही.

आता क्रम. गोडाऊनवाला आधी पोस्टाच्या विक्री खात्याला आपल्या मालाचं चित्र देतो: कुठल्या वजनाची किती पार्सलं, कुठल्या झोनला (अंतराच्या टप्प्याला) किती, खोक्याचं माप, माल कुठल्या केंद्रावर पोस्टाच्या हाती देणार, वर्षाला एकूण किती. पोस्टाचे अर्थखात्यातले लोक त्यावरून खर्चाचं गणित मांडतात. गणित जुळलं की दोन्ही बाजूंच्या सह्या होतात, आणि नियामक मंजुरी मिळेपर्यंत कुणावरही बंधन नाही असं कलम करारातच असतं. म्हणजे "सह्या झाल्यात" हे खरं असलं तरी आज त्या दराला काहीच जोर नाही.

मग पोस्ट आयोगाकडे अर्ज टाकतं. अर्जाबरोबर पोस्टाच्या गव्हर्नर मंडळाचा निर्णय, समर्थनाचं निवेदन, सेवांच्या यादीत करावयाचा बदल, अर्थखात्याच्या अधिकाऱ्याचं 'खर्च भरून निघतो' असं प्रमाणपत्र, कराराची प्रत आणि खर्चाच्या गणिताच्या एक्सेल फायली असतात. प्रत दोन रूपांत जाते: एक लोकांसाठी, नाव आणि दर काळ्या पट्टीखाली झाकलेली, दुसरी पूर्ण, पण सीलबंद. काय झाकायचं आणि का, याचा वेगळा अर्जही जोडावा लागतो.

कायद्याप्रमाणे खास दर लागू होण्याआधी किमान १५ दिवस तो आयोगाकडे दाखल व्हायला लागतो. सगळ्यांसाठीच्या जाहीर दराला हीच मुदत ३० दिवस. अर्ज आला की आयोग सूचना काढतो, ती फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे तिकडच्या सरकारी राजपत्रात, छापली जाते, बहुतेक अर्जांत हरकतींसाठी साधारण आठवडाभराची मुदत मिळते, आणि सामान्य लोकांच्या वतीनं बोलायला आयोगाचाच एक अधिकारी, 'पब्लिक रिप्रेझेंटेटिव्ह', नेमला जातो. सीलबंद गणित तो उघडून बघतो आणि मत देतो. त्यानंतर आयोगाचा आदेश. पूर्वी ही गाडी फार संथ होती. असा पहिला करार कॅपिटल वन या कंपनीचा. अर्ज सप्टेंबर २००२ चा, आयोगाचा निर्णय मे २००३ चा. २००६ च्या कायद्यानंतर हे काम दिवसांवर आलं.

नाकारला जाणं फार क्वचित. अडतं ते उशिरापाशी. आयोगाला गणितात शंका आली की अध्यक्षांच्या सहीनं खुलासा मागवला जातो आणि तारीख पुढं सरकते. शंका येण्याची कारणं नेहमीची आहेत: एक्सेलमध्ये सूत्राऐवजी नुसता आकडा टाकलेला, झाकलेली आणि उघडी प्रत एकमेकींशी न जुळणारी, प्रमाणपत्रातलं करारनाव वेगळं, किंवा उत्पन्न खर्चाच्या इतकं जवळ की जरा जड पार्सलं आली तरी तोटा होईल. हलकी आणि जवळची पार्सलं दाखवून दर घेतलेला असेल तर पुढं त्रास ठरलेला. आदेश निघाला म्हणून विषय संपत नाही. पोस्टाचं आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं, त्यानंतर ९० दिवसांत पोस्ट वार्षिक अहवाल देतं आणि पुढच्या ९० दिवसांत आयोग आपला निकाल देतो. एखादा करार खर्च भरून काढत नसेल तर तिथं त्याची नोंद होते, आणि पोस्टाला दर वाढवणं, अटी बदलणं किंवा करार संपवणं यांतलं काहीतरी करावं लागतं. न्यू जर्सीतल्या एडिसनहून कॅलिफोर्निया म्हणजे झोन ८, सगळ्यात लांबच्यांपैकी. तुमच्यासारख्या नव्या मालानं गोडाऊनवाल्याचं वजन आणि झोनचं चित्र बदललं, तर त्याच्या कराराच्या तब्येतीवर परिणाम होतो. म्हणून तुमच्या ४,००० पार्सलांचं चित्र मूळ गणितात धरलंय का, हे त्याला सरळ विचारा.

निपाणी_पायताण

टिळकवाडीकर, धन्यवाद. एवढं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. आता तपासायचं कसं ते सांगा. नाव काळ्या पट्टीखाली असेल तर करार ओळखायचा कसा?

टिळकवाडी_रेटऑडिट

डॉकेट क्रमांकावरून. प्रत्येक अर्जाला जोडीनं दोन क्रमांक मिळतात. यादीत नवीन उत्पादन घालण्याचा क्रमांक 'एमसी'नं सुरू होतो, दराचा आणि कराराचा 'के'नं. काही वर्षांपूर्वीच्या करारांत 'के'च्या जागी 'सीपी' दिसेल. त्यापुढं वर्ष आणि मग अनुक्रमांक. करारालाही नाव नसतं, नंबर असतो: "प्रायॉरिटी मेल अँड यूएसपीएस ग्राउंड ॲडव्हांटेज कॉन्ट्रॅक्ट" आणि पुढं अमुक. गोडाऊनवाल्याकडून डॉकेटचे दोन्ही क्रमांक आणि कराराचा नंबर घ्या. आयोगाच्या संकेतस्थळावर तो टाकला की अर्जाची तारीख, हरकतींची मुदत, खुलासा मागवला असेल तर तो कागद आणि आदेश, हे सगळं फुकट बघता येतं. गिऱ्हाइकाचं नाव आणि दर झाकलेले असतील, पण सेवा कुठल्या, मुदत किती, संपवण्याची अट काय, हे बऱ्याचदा उघडं असतं.

डॉकेट क्रमांक गोपनीय नसतो. तो द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल तर अर्ज अजून दाखलच झालेला नाही, किंवा करार त्याचा नसून तो दुसऱ्या कुणाच्या दरावर माल घालतोय, असं धरून चाला. ही दुसरी शक्यता हलक्यानं घेऊ नका. करार पोस्ट आणि एका गिऱ्हाइकापुरता असतो. तो भाड्यानं देता येत नाही. गोडाऊनवाल्यानं आपल्या ग्राहकांचा माल त्यात घालायला चालतो का, हे करारातल्या 'गिऱ्हाईक कोण' आणि 'कुठली पार्सलं पात्र' या कलमांवर ठरतं. त्या दोन कलमांची नक्कल गुप्ततेचा कागद करून मागा. दराचा तक्ता नाही दाखवला तरी चालेल, ही कलमं दिसलीच पाहिजेत.

आदेश हातात आल्यावर त्यातली लागू होण्याची तारीख बघा. मंजुरीनंतर एक कामाचा दिवस सोडून करार सुरू, अशी भाषा बऱ्याच करारांत असते. तरीही गोडाऊनवाल्याच्या पेमेंट खात्याला नवा दर जोडला जाईपर्यंत लेबल जुन्याच व्यापारी दरानं छापलं जातं. तो फरक कुणाच्या खिशातून जाणार हे आधी लिहून घ्या. पुढं करारात दुरुस्ती झाली, म्हणजे दर किंवा सेवा बदलली, तर तीही आयोगाकडे दाखल व्हावी लागते. तेव्हा मधूनमधून तोच डॉकेट उघडून बघत जा.

उद्यमबाग_पॅकिंग

मी खोक्याचं बोलतो, कारण पैसे तिथं जास्त जातात आणि ते आपल्या हातात आहे. मंजूर दर कितीही चांगला असो, खोकं चुकलं की तो कामाचा राहत नाही.

एक जोड खोक्यासकट साधारण ७२० ग्रॅम धरा. अमेरिकन पौंड ४५३.६ ग्रॅमचा, म्हणजे तुमचं पार्सल १.५९ पौंड, आणि आकारणी वरच्या पूर्ण पौंडाची: २ पौंड. जोड हलका करून एका पौंडाच्या आत आणणं लेदरच्या कोल्हापुरीत शक्य नाही, त्या नादाला लागू नका. लहान मुलांचे जोड मात्र बसू शकतात. एका पौंडाच्या आत ४, ८, १२ आणि १५.९९९ औंस असे टप्पे आहेत. पूर्ण १६ औंस भरले की टप्पा गेला.

दुसरा रस्ता घनमापाच्या दराचा. त्यात २० पौंडांच्या आत वजन बघत नाहीत, खोक्याची जागा बघतात, आणि टप्पे दशांश घनफुटाचे. एक घनफूट म्हणजे १,७२८ घनइंच. खोकं १२ × ६ × ४ इंचाचं असेल तर २८८ घनइंच, ०.१६७ घनफूट, टप्पा ०.२० चा. तेच १३ × ८ × ५ चं घेतलंत तर ५२० घनइंच, ०.३०१, आणि एवढ्याशा फरकानं टप्पा ०.४० चा लागतो. उंची ५ ची ४.७५ केलीत तर ०.२८६, म्हणजे ०.३० चा टप्पा. खोकं बनवणाऱ्याला बाहेरचं माप सांगा. आपल्याकडे डाय, म्हणजे खोकं कापायचा साचा, आतल्या मापानं सांगायची सवय आहे आणि पुठ्ठ्याची जाडी दोन्ही बाजूंनी वाढते.

दुकानदारांच्या ऑर्डरीत जास्त फसतं. १,७२८ घनइंचांच्या वर खोकं गेलं की घनफळाला १६६ नं भागून येणारं वजन आणि खरं वजन यांतलं जास्त धरतात. २८८ घनइंचाचे सहा जोड बरोबर १,७२८ भरतात. बाहेरचं खोकं घातलं की ओलांडलंच. बारा जोडांचं खोकं आतून २४ × १२ × १२, बाहेरून साधारण २४.५ × १२.५ × १२.५, म्हणजे ३,८२८ घनइंच. खरं वजन २० पौंडांच्या आसपास, पण आकारणी किमान २४ पौंडांची. शिवाय लांबी २२ इंचांच्या वर म्हणून एक जादा आकार (शुल्क), २ घनफुटांच्या वर म्हणून दुसरा. चार-चार जोडांचे तीन खोके करा: आतून १२ × १२ × ८, साधारण १,१५२ घनइंच, घनफळाच्या वजनाचा प्रश्नच नाही, आणि लांबीचा आकारही नाही. तीन खोक्यांचा दर एका मोठ्याशी प्रत्येक झोनला ताडून बघा. जवळच्या झोनला तीन खोके जमतात, लांबच्याला हिशेब करूनच ठरवा.

हे जादा आकार खास करारात माफ आहेत का, हे दरपत्रकाच्या पहिल्या पानावरून कळत नाही. ग्राउंड ॲडव्हांटेजचा दर तोंडभरून सांगतात आणि खालच्या आकारांबद्दल कुणी बोलत नाही. ऑक्टोबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंतचा सणाचा तात्पुरता अधिभारही त्यातच विचारा. तुमची दिवाळी आणि त्यांचा ख्रिसमस दोन्ही त्याच काळात, म्हणजे वर्षातली सगळ्यात जास्त पार्सलं तेव्हाच.

आणखी एक. पोस्टाच्या सॉर्टिंग यंत्रांवर प्रत्येक पार्सलचं वजन, माप आणि झोन आपोआप तपासला जातो. लेबलवर १२ × ६ × ४ लिहिलं आणि खोकं फुगून १२.५ × ६.५ × ४.५ झालेलं असलं, तर फरक गोडाऊनवाल्याच्या खात्यातून वळता होतो आणि महिनाअखेर तुमच्या बिलात येतो. पावसाळ्यात इथून निघालेला पुठ्ठा दमट होऊन फुगतो, कंटेनरमध्ये आणखी दबतो. तिथं पोचल्यावर दहा-वीस खोकी मोजून घ्यायला सांगा आणि लेबलच्या सॉफ्टवेअरमध्ये तीच मापं भरा.

चिक्कोडी_टपाल

आपल्या पोस्टाचं मी सांगतो.

भारतात पोस्टाच्या दरावर वेगळा नियामक आयोग नाही. १८९८ चा कायदा जाऊन पोस्ट ऑफिस कायदा २०२३ आला, १८ जून २०२४ पासून लागू झाला. सेवांचे दर आणि नियम ठरवायचा अधिकार त्यात टपाल खात्याच्या महासंचालकांकडे आहे. जुन्या कायद्यात पत्रांवरचा सरकारचा एकाधिकार लिहिलेला होता, तो नव्यात नाही. म्हणून तिकडच्यासारखी सीलबंद गणितं, हरकतींची मुदत वगैरे इथं शोधू नका. महिन्याच्या धंद्यावर सवलतीचे टप्पे परिपत्रकानं ठरलेले असतात, तुमचा करार त्यातल्या टप्प्यात बसवला जातो. त्यापलीकडची मागणी विभागात सुटत नाही, ती वर बेंगळूरच्या सर्कलकडे जाते. आपला भाग उत्तर कर्नाटक रिजनमध्ये, त्याचं ऑफिस धारवाडला. जिल्ह्यात बेळगाव, चिक्कोडी आणि गोकाक असे तीन विभाग आहेत. ज्या ऑफिसात माल देणार त्याच विभागाच्या सुपरिंटेंडेंटकडे अर्ज द्या, नाहीतर कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

तुम्हाला हवी ती सोय 'आत्ता बुक करा, नंतर पैसे भरा', आपल्यात बीएनपीएल म्हणतात ती. रोज माल द्यायचा, बिल महिन्याचं एकदम. त्यासाठी करार, पॅन, जीएसटी क्रमांक आणि साधारण दोन महिन्यांच्या बिलाएवढी बँक गॅरंटी किंवा अनामत लागते. ही रक्कम ठरवताना दसरा-दिवाळीचा महिना धरू नका. वर्षाची सरासरी काढून द्या, नाहीतर विनाकारण मोठी रक्कम अडकते. बिल वेळेत भरलं नाही तर उधारीची सोय थांबते आणि ऐन हंगामात काउंटरवर रोख भरत बसावं लागतं. बँक गॅरंटीची मुदत करारापेक्षा आधी संपत असेल तर नूतनीकरणाची तारीख आजच वहीत लिहून ठेवा. धंदा मोठा असून उधारी बंद पडते ती बहुतेक या कारणानं.

सेवा निवडताना एवढं बघा. इंडिया पोस्ट पार्सलच्या कराराच्या प्रकारात किमान आकारणी २ किलोची, कमाल वजन ३५ किलो. एकच जोड त्यात घातला तर ७२० ग्रॅमला २ किलोचे पैसे. दोन जोड एका खोक्यात जात असतील किंवा दुकानदाराची ऑर्डर असेल तर हा प्रकार बरा. एका जोडाला स्पीड पोस्ट. पण तिथं घनफळाचं वजन सेंटिमीटरमध्ये मोजून ५,००० नं भागतात. उद्यमबागवाल्यांनी सांगितलेलं १२ × ६ × ४ इंचाचं खोकं ३०.५ × १५.२ × १०.२ सेंटिमीटर, भागाकार साधारण ०.९४ किलो. खऱ्या वजनापेक्षा जास्त. एका किलोच्या आत राहतं, एवढंच समाधान. त्याहून मोठं खोकं इथं वापरू नका.

१ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टचे दर बदललेत. त्यात ओटीपी सांगूनच वाटप आणि नोंदणी, या दोन्हींचे वेगवेगळे ५ रुपये अधिक जीएसटी, आणि नव्या बल्क गिऱ्हाइकाला ५ टक्के सूट आहे. महागाच्या जोडाला ओटीपी घ्याच, 'माल मिळाला नाही' हा वाद त्यानं मिटतो.

आणि पायताणवाले, निपाणीचा पिन ५९१२३७ म्हणून माल आधी बेळगावकडं फिरून मग पुण्याला जाईल, म्हणून कोल्हापुरात जाऊन बुक करूया, असा विचार इथले बरेच जण करतात. कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, जाता येतं. स्पीड पोस्टचा दर अंतरावर आहे, राज्यावर नाही, त्यामुळे दरात राज्यसीमेचा फायदा नाही. वेळेचा फायदा होतो का ते तुमच्या पिनकोडांवर काही पार्सलं टाकून ट्रॅकिंगवरून बघा. करार मात्र कोल्हापूर विभागाशी वेगळा करावा लागेल. इथला करार तिथल्या काउंटरला चालत नाही.

शहापूर_सीए

चिक्कोडीकरांनी कोल्हापूरचा विषय काढला म्हणून कराचं जोडतो. १८ जुलै २०२२ पासून पोस्टकार्ड, इनलँड लेटर, बुक पोस्ट आणि १० ग्रॅमपेक्षा हलकी साधी पाकिटं सोडून पोस्टाच्या सेवांना जीएसटी आहे. स्पीड पोस्ट आणि पार्सलला १८ टक्के. हा पैसा तुम्हाला क्रेडिट म्हणून परत मिळाला पाहिजे, आणि इथं चूक फार होते.

तुमचा क्रमांक कर्नाटकचा, म्हणजे २९ नं सुरू होणारा. नोंदणीकृत व्यापाऱ्याला माल वाहतुकीची सेवा दिली तर पुरवठ्याचं ठिकाण त्या व्यापाऱ्याचं. त्यामुळे बेळगावच्या बिलात केंद्राचा आणि कर्नाटकचा असे दोन कर, कोल्हापूरच्या बिलात आयजीएसटी. दोन्हींचं क्रेडिट मिळतं. पण कोल्हापुरात बुक करताना जीएसटी क्रमांक नोंदवला नाही तर तुम्ही बिगरनोंदणीकृत ठरता, ठिकाण माल दिला तिथलं धरलं जातं, आणि महाराष्ट्राचा कर लागून तुमचं क्रेडिट गेलं. करार करताना पोस्टाच्या मास्टरमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकाच्या नोंदीत, क्रमांक भरलाय का ते पहिल्याच बिलावर तपासा. नंतर दुरुस्ती करून घेणं जिकिरीचं काम.

दुसरं, टपाल खात्याच्या गाडीतल्या टपालाला ई-वे बिल लागत नाही, पण निपाणीहून कोल्हापूरपर्यंत तुमच्या टेम्पोतून नेलेला माल टपाल ठरत नाही. राज्यसीमेवर कोगनोळीला गाडी अडवली तर प्रत्येक ऑर्डरचं बिल गाडीत हवं, आणि ५० हजारांच्या वरची एखादी ऑर्डर असेल तर तिचं ई-वे बिलही.

आता मुख्य प्रश्न, सही करायची का. माझं मत: करा, पण त्यांच्या मसुद्यावर नको. नवा दर सुरू होण्याची तारीख आयोगाच्या आदेशाला बांधा, डॉकेट आणि आदेशाचे क्रमांक करारात लिहा. तोवर पोस्टाचा जाहीर व्यापारी दर, त्यावर कुणाचं कमिशन नाही. ४,००० पार्सलांची हमी सहीच्या तारखेपासून मोजायची नाही, दर लागू झाल्यापासून मोजायची, आणि ती महिन्याऐवजी तिमाहीची ठेवा. जून-जुलैत तुमचा खप पडतो आणि दंड तेव्हाच बसतो. ठरावीक तारखेपर्यंत मंजुरी आली नाही तर दोन्ही बाजू मोकळ्या. आणि पोस्टानं त्यांचा करार मधेच संपवला किंवा दर बदलला, तर तुमची हमीही त्याच दिवशी संपते हे एक कलम हवंच. असे करार बहुधा तीन वर्षांचे असतात, पण अनेकांत कुठल्याही बाजूला नोटीस देऊन बाहेर पडता येतं. त्यांना बाहेर पडता येतंय आणि तुम्ही दोन वर्षं बांधलेले, असा कागद घेऊ नका.

टिळकवाडी_रेटऑडिट

सीए साहेबांच्या ठरावीक तारखेला एक जोड देतो. अर्ज दाखल झाल्यापासून १५ दिवस ही कायद्यातली किमान मुदत आहे, कमाल नाही. खुलासा मागवला गेला तर त्याचं उत्तर, मग पब्लिक रिप्रेझेंटेटिव्हचं मत, मग आदेश, असं धरून तारीख अर्जापासून ४५ दिवसांच्या पुढची ठेवा. आणि मुदत मोजायची ती आयोगानं अर्ज स्वीकारल्याच्या तारखेपासून. गोडाऊनवाल्यानं सही केलेली तारीख त्यात धरू नका. सही आणि अर्ज यांच्यात बराच काळ जाऊ शकतो.

दराच्या तक्त्याबद्दलही एक. त्यात झोन आणि वजनाचे टप्पे वेगवेगळे असतील, तर सरासरी सूट किती टक्के हे ऐकू नका. तुमच्या मागच्या वर्षाच्या पार्सलांची यादी काढा: पिनकोडऐवजी त्यांचे झिपकोड, वजन, खोक्याचं माप. त्यांना म्हणा, या यादीवर जाहीर व्यापारी दरानं एकूण किती आणि तुमच्या दरानं किती, हे ओळीवार लावून द्या. जादा आकार वेगळ्या रकान्यात. झोन ८ ची पार्सलं जास्त असतील तर हलक्या वजनावरची मोठी सूट तुमच्या उपयोगाची नाही, आणि हे त्या एका फाईलमध्ये लगेच दिसतं.

निपाणी_पायताण

मंडळी, फार उपकार झाले. डॉकेटचे दोन्ही क्रमांक आणि 'पात्र पार्सल' कलमाची नक्कल आजच मेल करून मागवतो, यादीही सोबत जोडतो. बारा जोडांचं खोकं बंद करून चार जोडांचं डाय करायला सांगतोय. उद्यमबागकर, त्याचं बाहेरचं माप एकदा इथं टाकतो, नजर टाकाल का?

उद्यमबाग_पॅकिंग

टाका की. पुठ्ठा तीन प्लायचा की पाच प्लायचा तेही लिहा, त्याशिवाय बाहेरचं माप सांगता येणार नाही.